पाच मिनिटांची खुर्ची

मंगळवार, १४ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. आखातातल्या अल नहदा भागातल्या आमच्या दवाखान्यात नोकरीपूर्व तपासणीसाठी आलेल्या कोलंबियन बाईंचा रक्तदाब १६४/१०० भरला. तो १४०/९०च्या खाली आल्याशिवाय सलूनमधल्या नोकरीचा दाखला मिळणार नव्हता, आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

मोजणीतली चूक उघड होती. दंडाला पट्टा बांधलेला असताना त्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या आणि मोकळ्या हाताने माझी कॉलर नीट करत होत्या.

"आईंना काय सांगितलंत?" मी विचारले.

"तब्येत उत्तम आहे म्हणून." त्यांनी यंत्रावरच्या आकड्याकडे पाहिले. "मुलीला आणि बहिणीलाही तेच सांगते. सगळ्यांना एकच उत्तर, खलास."

रक्तदाब वाढण्याची पुस्तकातली कारणे मला पाठ होती. त्यांत सगळ्यांना असा धीर देत राहणे नव्हते. मी त्यांचा फोन खणात ठेवला आणि नियम सांगितला: पाठ टेकून, न बोलता, पाच मिनिटे.

"तेवढ्यात मला कुणी काही विचारणार नाही?"

"कुणीही नाही."

त्या मागे रेलल्या. पाचव्या मिनिटाला मी पट्टा उचलला, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता 'अजून थोडं' अशा अर्थाने एक बोट वर केले. दहाव्या मिनिटालाही तेच. खणातला फोन सारखा गुरगुरत होता. शेवटी मी तो टॉवेलमध्ये गुंडाळला.

अर्जावरच्या 'विश्रांती' या रकान्यात मी प्रत्येकासाठी पाच लिहिते. त्या दिवशी रक्तदाब १२८/८२ नोंदवला आणि त्या रकान्यात खरे तेच लिहिले: एकेचाळीस मिनिटे.