काकाचं पुढे काय झालं?

भाविका मिसच्या क्लासमध्ये फळा आहे, पण ती त्यावर फारसं लिहीत नाही. भिंतीतल्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत तिने एक जाड हिरवी दोरी ताणून बांधली आहे. दोरीवर कपड्यांचे चिमटे, आणि चिमट्यांत इंग्रजी वाक्यांचे तुकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. ही दोरी तिच्या वडिलांच्या जुन्या जाळ्याची. ते, म्हणजे शिवाकाका, अजून खाडीत होडी घालतात. जिन्याखाली बसून जाळं शिवताना मुलांच्या देखत ते वर ओरडतात, "गो भाविके, माजी दोरी कवा देशील परत?"

"दहावीचा निकाल लागला की!" ती वरूनच सांगते. हे दरवर्षी चालतं.

आमच्या सेक्टरपासून तिचं गाव सारसोळे चालत दहा मिनिटांवर. जूनमध्ये माझ्या मुलीला, दहावीतल्या उन्नतीला, तिथे क्लासला घातलं तेव्हा मी पहिला तास दारात उभी राहून ऐकला. दोरीवर तीन चिठ्ठ्या होत्या. 'माय अंकल', 'हू रिपेअर्स बोट्स', 'कॅनॉट स्विम'. होड्या दुरुस्त करणाऱ्या काकाला पोहता येत नाही, म्हणून पोरं हसत होती. भाविकाने मधली चिठ्ठी काढली. "वाचा. काही अडलं?" नाही अडलं. मग ती परत लावून तिने शेवटची काढली. माझा काका, जो होड्या दुरुस्त करतो... सगळे थांबले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"मिस, काकाचं पुढे काय झालं?" मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला.

"ते जिथे कळतं, तो मेन क्लॉज. बाकीचे त्याच्या आधाराने लटकतात."

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आहे. नाऊन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, अँटिथेसिस, सगळ्याच्या व्याख्या मला अजून पाठ आहेत. वाक्य असं अडकून राहू शकतं, हे मात्र मला कुणी दाखवलं नव्हतं.

भाविका अठ्ठावीस वर्षांची. दहावीला ती स्वतः इंग्रजीत नापास झाली होती. ते लपवत नाही, पहिल्याच दिवशी मुलांना सांगते. क्लॉजची नावं पाठ होती, वाक्य कळत नव्हतं. त्या वर्षी ती वडिलांजवळ बसून जाळं शिवायला लागली. ज्या वरच्या दोरीला सगळं जाळं लटकतं, तिला गाठी मारता मारता तिला हे सुचलं. पुढे बाहेरून एम.ए., मग बी.एड. पण कायमची नोकरी काही मिळेना.

नोव्हेंबरमध्ये तिला वाशीच्या एका शाळेतून डेमो लेसनचं बोलावणं आलं. निवड झाली तर जानेवारीपासून रुजू व्हायचं, आणि शाळेतल्या शिक्षकांना खाजगी क्लास घेता येत नाहीत, म्हणजे संध्याकाळचा क्लास बंद. उन्नतीचा पेपर मार्चमध्ये. सहामाहीत तिला इंग्रजीत चांगले मार्क पडले होते, ते पहिल्यांदाच. मला झोप लागेना.

दोन दिवसांनी भाविका घरी आली. "ताई, तुमचं इंग्रजी आहे. लेसन ऐकता का? दोरी नेऊ की नको?"

मी ऐकला. लेसन सुरेख होता. आणि मी म्हणाले, "मोठी शाळा आहे गं. दोरी-चिमटे त्यांना पोरखेळ वाटेल. फळ्यावर व्याख्या लिही, तक्ता काढ, टर्म्स नीट सांग."

तिने तसंच केलं. परत आली ती हसतच. "व्याख्या चुकली नाही एकही. पण पोरं जांभया देत होती, ताई. दुसरी कुणी घेतली त्यांनी."

क्लास चालू राहिला. उन्नतीचे सराव पेपर चांगले जात होते. मी रोज स्वतःला समजावत होते, मी मनापासून सांगितलं. कधी पटायचं, कधी नाही.

फेब्रुवारीत उन्नतीला घ्यायला गेले तेव्हा मुलं निघाली होती आणि भाविका चिमटे काढत होती. न राहवून मी बोलायला लागले. म्हटलं, त्या वेळी उन्नतीची परीक्षा जवळ आली होती, आणि यांची बदली नुकतीच झाल्यामुळे घरात सगळं माझ्यावरच होतं, आणि मोठ्या शाळांची पद्धत मला माहीत असल्यामुळे, आणि तसं पाहिलं तर तू विचारलंस म्हणून...

ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, काकाचं पुढे काय झालं?"

खाली शिवाकाकांचा रेडिओ चालू होता.

"तुझी निवड होऊ नये असं मला वाटत होतं," मी म्हणाले.

तिने उरलेले चिमटे काढले, पिशवीत टाकले. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"सोमवारी दुसऱ्या शाळेत डेमो आहे," शेवटी म्हणाली. "तिथे कुणीतरी मध्येच सोडून गेलंय. लगेच यायला सांगतील. पेपरला तीन आठवडे राहिलेत उन्नतीच्या."

मी खिडकीजवळ गेले.

"दोरी ने," मी म्हणाले.

"बाबा ओरडतील."

"त्यांना मी सांगते."

तिने खिळ्यावरची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना, इतकी वर्षं घट्ट बसलेली. मग खिडकीकडची गाठ मी सोडली आणि तिने दुसरं टोक गाठीसकट खिळ्यावरून ओढून काढलं, दोरी गुंडाळून पिशवीत घातली.

आज तिचा मेसेज आला. घेतलं. उद्यापासूनच बोलावलंय. उन्नतीला सांगितलं तेव्हा ती उठली. बाल्कनीत गेली, वाळत घातलेले कपडे उतरवून तिने माझ्या हातात दिले, आणि रिकाम्या तारेवर चिमट्यांनी स्वतः लिहिलेली एकेक चिठ्ठी लावायला लागली.