पास्कलकाका आणि माझ्या पुस्तिकेचे तिसरे प्रकरण

श्री. पास्कल लोपीस यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या आगाशी बाजारातल्या दुकानात झाली. माझ्या खिशात आगपेटीएवढा एक जपानी कॅमेरा होता. हातातून पडून वरच्या झाकणाला पोचा आलेला, शटर अडकलेले. तीन दुकानदारांनी "खेळणं आहे" म्हणून तो परत केला होता. काकांनी डोळ्याला भिंग लावले. "खेळणं कुठलं? मन लावून केलेलं काम आहे. पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवसांनी शटर वाजले. काका आणखी काहीतरी सांगत होते. आनंदाच्या भरात मी ते ऐकले नाही.

त्यांचे काम पाहत राहावे असे. काढलेला प्रत्येक स्क्रू पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडायचा, शेजारी पेन्सिलीने आकडा. माझ्या वडिलांचा एकुलता एक फोटो ओल येऊन काचेला चिकटला होता. काका दोन दिवस तो सोडवत बसले आणि मी आभार मानू लागलो तर म्हणाले, "पुरे रे, चहा सांग."

त्या कॅमेऱ्यापायी मी तो बनवणाऱ्या कारखान्याचा इतिहास शोधू लागलो. युद्धानंतर जपानमध्ये मोजक्या कारागिरांनी चालवलेला हा छोटा कारखाना. साडेसतरा मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चौदा मिलिमीटरचे चौकोनी चित्र, एवढाच त्याचा पसारा. थोड्या वर्षांत तो बंद पडला. जपानी अक्षरे मी कोणाच्या शिकवणीविना शिकलो आणि जुन्या जाहिराती एकेक अक्षर लावून वाचल्या. त्याचा अभिमान होता. खोटे कशाला बोलू, अजून आहे. कारखान्याने दोनच मॉडेले काढल्याची नोंद आहे. माझ्या कॅमेऱ्याचे धड पहिल्याचे, झाकण दुसऱ्याचे. म्हणजे दोहोंच्या मधला, कोणालाच ठाऊक नसलेला नमुना! या कारखान्यावर मी लिहिलेल्या पुस्तिकेचे तिसरे प्रकरण सबंध त्यावर उभे आहे.

प्रकाशनाच्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहात मी तो कॅमेरा उंच धरला. मागच्या रांगेतून काका उठले. "अरे सुधीर, ते झाकण मी बसवलंय. तुझं चेपलं होतं, म्हणून दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचं काढून लावलं. तेव्हाच सांगितलं होतं तुला."

लोक हसले. मी माइकवरून म्हणालो, "काका, तुम्ही स्क्रू फिरवा. इतिहास आमच्यावर सोडा."

आता दुप्पट हशा, टाळ्यासुद्धा. काका खाली बसले.

ते वाक्य त्यांना चिकटले. बाजारात लोक विचारू लागले, "काय पास्कल, आज स्क्रू की इतिहास?" आमच्या छायाचित्र मंडळाच्या बैठकीला ते येईनासे झाले. प्रकृतीचे कारण असेल, असे मी इतरांना सांगत राहिलो.

पुढे मोजमापे घ्यायची म्हणून मी ते झाकण उघडले, पहिल्यांदाच. आतल्या बाजूला सुईने कोरले होते: 'पा. लो. झाकण दुसरे.' पुढे जो कोणी उघडील त्याची फसगत होऊ नये म्हणून. अर्ध्या मिलिमीटरवरून लोकांशी वाद घालणाऱ्या मी प्रकरण लिहिण्यापूर्वी चार स्क्रू काढून पाहिले नव्हते.

तडक दुकानात गेलो. "काका, चूक माझी होती."

"मला काय सांगतोस? मला ठाऊकच होतं."

"माफ करा."

"केलं. पण हसणारा मी नव्हतो ना? जे हसले त्यांना सांग."

या गोष्टीला सात महिने झाले. मी सांगितले नाही. एकदा बैठकीत उभा राहिलो आणि भलताच विषय काढून बसलो. काकांनी पुन्हा विचारले नाही. मी गेलो की पूर्वीसारखेच स्टूल पुढे सरकवतात. त्याची लाज अधिक वाटते.

त्या दिवशी हसलेले बहुतेक सगळे काकांचा हा गौरवग्रंथ वाचणार आहेत. म्हणून इथे लिहितो: मधला नमुना नव्हता. तिसरे प्रकरण चुकीचे आहे. ज्यांच्याकडे पुस्तिका असेल त्यांनी ते खोडावे. पास्कलकाका खरे बोलले होते, आणि त्यांना गप्प बसवणारा मी होतो.

पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे. पुस्तिका मी पुन्हा लिहितो आहे. या खेपेस छापण्यापूर्वी ती त्यांच्यासमोर बसून ओळ न् ओळ वाचायची आहे, आणि मी फार सावकाश लिहितो.