हात झाला की थांबायचं

जॉबरकाका बोलायला लागले की आवाज येईलच, याची खात्री नसे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्या घरासमोर त्यांचं घर होतं, मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी गल्ली. सकाळी ते ओट्यावर चहाची बशी घेऊन बसत आणि समोर आईला काहीतरी सांगत. ओठ हलत, भुवया हलत, हात हलत, आवाज मात्र शून्य. नवीन माणसाला वाटे, बिचारे मुके आहेत. आई ओसरीतून तसंच, आवाज न करता उत्तर देई. तिलाही कालांतराने ते जमायला लागलं होतं.

याला कारण मिल. काका कापडमिलच्या साळखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, जॉबर होते. मागांच्या एका ओळीची देखभाल त्यांच्याकडे. शेकडो माग एका छपराखाली धडाडत असताना तिथे घसा फोडूनही शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून तिथली माणसं ओठ वाचत आणि हातांनी बोलत. चहा आला, धागा तुटला, साहेब येतोय, बायकोला मुलगा झाला, सगळ्याला हाताची खूण होती. काकांचे कान तिथे निम्मे गेले आणि डोळे दुप्पट तल्लख झाले. लग्नात मांडवाच्या त्या टोकाला व्याही काय कुजबुजताहेत ते काका या टोकाला बसून सांगत. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या मंडळींनी स्थळ बघायला जाताना त्यांना बरोबर नेण्याचा प्रघातच पाडला होता. एकदा त्यांनी परतताना रिक्षातच मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं, “मुलगा अच्छा आहे, पण त्याची आई त्याला म्हणत होती की पोरीचा रंग चालवून घे. नको देऊ भिया.” ते लग्न मोडलं आणि मुलगी आयुष्यभर काकांना राखी बांधत राहिली.

आम्हा मुलींना त्यांनी या खुणा खेळ म्हणून शिकवल्या. रविवारी आम्हाला घेऊन ते बिजासनच्या टेकडीवर विमानं बघायला जात. तिथून विमानतळाची धावपट्टी दिसे. विमानाच्या आवाजात आमच्या गप्पा हातांनी चालत. त्यातली एक खूण मात्र खेळातली नव्हती. दोन्ही तळवे छातीसमोर आडवे धरायचे आणि झटकन खाली दाबायचे. ही ‘थांबव’ची खूण. साळखात्यात कुणीही, अगदी कालचा बदली कामगार असला तरी, ही खूण केली की समोरच्याने माग थांबवायचाच. कोण सांगतंय, का सांगतंय, हे नंतर. काका म्हणत, “हात झाला की आधी थांबायचं, सवाल बाद में.” आणि नुसतं बटण बंद करून त्यांचं समाधान होत नसे. मागात हात घालण्याआधी ते फ्यूज काढून खिशात ठेवत. त्यांच्या एका दोस्ताचा पंजा, कुणीतरी न बघता बटण दाबल्यामुळे गेला होता. तेव्हापासून घरातली इस्त्री दुरुस्त करतानाही काकूंना फ्यूज शोधायला काकांच्या सदऱ्याचे खिसे तपासावे लागत.

मग मिल बंद झाली. माझे वडील तिथेच ऑफिसात कारकून होते, म्हणजे दोन्ही घरांच्या चुली एकाच भोंग्यावर पेटत आणि आता एकदमच मंदावल्या. बाबांनी ऑफिसचा डबा माळ्यावर टाकला. काका मात्र बरेच दिवस सकाळच्या पाळीला तयार होऊन ओट्यावर बसत. मिलबद्दल ते कधी शिव्याशाप देत बसले नाहीत. एकदाच म्हणाले, “जोशीजी, आपल्याला कोणी हातसुद्धा केला नाही. सीधे बंद.” बाबा उठून काकांसाठी पाणी घेऊन आले.

त्याच सुमारास खासगी विमान कंपन्या सुरू झाल्या होत्या. जुनं बंद होत होतं आणि नवं सुरू होत होतं, फक्त त्या दोघांचे पत्ते वेगळे होते. मी महूच्या एका शाळेत तात्पुरती शिकवत होते. मैत्रिणीबरोबर सहज मुलाखतीला गेले आणि एका नव्या विमान कंपनीत माझी हवाई सुंदरी म्हणून निवड झाली. बाबांनी त्या शब्दातला ‘सुंदरी’ तेवढा ऐकला. ट्रे उचलण्यासाठी तुला एम. ए. केलं का, असं म्हणून त्यांनी जेवण सोडलं. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं झालं.

काकांनी मला त्यांच्या ओट्यावर बोलावून विचारलं की नेमकं काम काय. मी मुलाखतीत बघितलेलं करून दाखवलं. पट्टा असा लावायचा, दरवाजे तिकडे आणि तिकडे, संकटात हे तोंडावर असं ओढायचं. बोलतं कुणी दुसरंच, आपण फक्त हात करायचे. काकांचे डोळे चमकले. तसेच उठून ते गल्ली ओलांडून आमच्याकडे आले आणि बाबांसमोर बसले.

“जोशीजी, हे तर साळखातं आहे. चाळीस साल मी हात करून लोकांचे हात वाचवले. ही पण तेच करणार, फक्त जरा ऊपर.”

बाबांनी दोन दिवस टाकलेलं ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, एक वर्ष. वर्षभरात कंपनीने कायम केलं तर ठीक, नाहीतर परत शाळा आणि मग मी दाखवेन तो मुलगा. आज मी जी काही आहे ती त्या ‘जरा ऊपर’मुळे आहे, हे मी कुणालाही सांगते.

मी उडायला लागले आणि काकांना नवीन पाळी मिळाली. त्यांच्या मेव्हण्याने आखातातून एक मोठा रेडिओ आणला होता. त्यात गाण्याबातम्यांशिवाय एक पट्टी अशी होती की वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणं त्यावर पकडता येतं म्हणे. काका सकाळी कानात इयरफोनचं बोंडूक घालून, एरियल आभाळाकडे ताणून बसत आणि आईला ओट्यावरून खुणेने बातमी देत. निघाली. हातोद गावावरून वळली. आता मुंबईच्या रस्त्याला. मगच आईचे पोहे कढईत पडत. मी चौथ्या दिवशी घरी आले की आई मला माझीच उड्डाणं तोंडपाठ म्हणून दाखवी. काकांना वैमानिकाचं इंग्रजी बोलणं कसं कळतं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

वर्ष संपत आलं. मला कायम करायचं की नाही हे ठरवण्यासाठी एक सीनियर बाई माझ्या फेरीवर तपासणीला बसणार होत्या. त्यांचा लौकिक असा की चुकीच्या बाजूला वळलेली मानही त्यांना खपत नसे. आणि नेमक्या त्याच सकाळी, इंदूरहून मुंबईला जाणाऱ्या त्याच विमानात, जॉबरकाका चढले. मुंबईच्या लेकीने एका डोळ्यातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिकीट पाठवलं होतं. मला चकित करायचं म्हणून त्यांनी कुणालाच सांगू दिलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम. मला बघून हसले, पण ओळख दाखवली नाही. ड्यूटीवरच्या माणसाशी गप्पा मारायच्या नसतात हे त्यांना मिलने शिकवलं होतं.

दरवाजे बंद झाले. विमान सुटेपर्यंत आणि उतरताना सगळी विजेवर चालणारी यंत्रं बंद ठेवा, आणि रेडिओ तर संपूर्ण प्रवासात लावायचाच नाही, अशी सूचना हिंदीत आणि इंग्रजीत झाली. मी पट्टे तपासत पुढे आले तर काकांच्या मांडीवर शालीखालून एरियलचं टोक डोकावत होतं आणि कानात बोंडूक होतं. डोळे मिटलेले. विमान हलायला लागलं होतं.

मी वाकून म्हटलं, काका, रेडिओ बंद करा. त्यांना ऐकू गेलं नाही. शेजारी एक व्यापारी बसले होते. ते मला समजावू लागले, “रहने दो ना मैडम, बुजुर्ग आदमी हैं, भजन सुन रहे होंगे.” मागून आणखी एकाने री ओढली. मी काकांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून लहान मुलासारखं हसले आणि कानातलं बोंडूक आणखी घट्ट दाबलं. पुढच्या खुर्चीवरून सीनियर बाई बघत होत्या. ज्यांच्यामुळे मी त्या विमानात उभी होते, त्यांना जन्मात कधी ‘हे करू नका’ म्हटलं नव्हतं. आणि आता ते म्हटलं नाही तर वर्ष वाया जाणार होतं.

मी सरळ उभी राहिले, दोन्ही तळवे छातीसमोर आडवे धरले आणि झटकन खाली दाबले.

काकांचा चेहरा क्षणात बदलला. हसू गेलं, पाठ ताठ झाली. बोंडूक कानातून निघालं, बटण बंद झालं, एरियल आत गेली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. रेडिओ उलटा करून मागचं झाकण काढलं, आतले सेल काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मग ओठ हलवून, आवाज न करता म्हणाले, “फ्यूज तुझ्या खिशात.”

व्यापाऱ्यांनी स्वतःचा पट्टा घट्ट केला. मी सेल कोटाच्या खिशात टाकून माझ्या जागेवर जाऊन बसले. सीनियर बाईंनी मुंबईत उतरल्यावर एवढंच विचारलं की वह इशारा किस ट्रेनिंग में सिखाते हैं. मी सांगितलं, इंदूर में. महिन्याभरात मी कायम झाले. विमानातून उतरताना काकांना सेल परत दिले आणि कारण सांगायला लागले, तर ते पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, “नंतर. पीछे लोग थांबले आहेत.”

ते ‘नंतर’ बरीच वर्षं राहून गेलं. बाबा गेले, मी मुंबईत घर केलं, नव्या मुलींना शिकवायला लागले. काकांचे कान पूर्ण गेले. त्यांना इस्पितळात ठेवल्याचं कळलं तेव्हा मी फेरीला जोडून इंदूरला उतरले आणि दुपारी थेट तिकडे गेले. दाराशीच काकू भेटल्या. बोलता बोलता त्या रेडिओचा विषय निघाला. काकू पदराने डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, “अगं, त्या पट्टीवर आमच्याकडे खरखरीशिवाय कधी काही आलंच नाही. ते विमान डोळ्यांनी बघायचे आणि वहिनींना सांगायचे. तुझी आई नाहीतर पोहे करायची नाही ना. विमानात बसल्यावर तरी आवाज साफ येईल, एवढी एकच आस होती त्यांना.”

मी आत गेले. काका उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ओठांनी, “त्या दिवशी रेडिओ का थांबवला?”

सवाल बाद में, म्हणजे इतक्या वर्षांनी. मीही आवाज न करता सांगितलं. की रेडिओ नुसता ऐकत असला तरी आत चालताना स्वतःचीही बारीक लहर सोडत असतो. वैमानिकाच्या यंत्रांना दिशा सांगणाऱ्या लहरीही तशाच बारीक असतात. बहुधा काही होत नाही. पण गर्दीत कुणाचा कोणता रेडिओ काय करेल ते सांगता येत नाही, म्हणून सगळेच बंद. आजूबाजूचे रुग्ण आमच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. काकांनी शेवटपर्यंत नीट वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“मंजे ऐकणारा पण गुपचूप बोलतो,” ते म्हणाले. “मग बरोबर केलंस तू.”

मी त्यांचा हात धरून बसले. तुमच्यामुळे मी झाले काका, हे मी ओठांनीच म्हटलं आणि त्यांनी ते वाचलं नसल्यासारखं केलं. संध्याकाळची फेरी होती. माझी नजर घड्याळाकडे गेलेली त्यांनी पकडली. मी उठेना, तेव्हा त्यांनी सलाईन लावलेला हात हळूच वर केला, मूठ वळली आणि मागाचा दांडा ओढावा तशी आपल्याकडे ओढली.

साळखात्यातली ही खूण मला लहानपणापासून येत होती. माग चालू कर.

हात झाल्यावर प्रश्न विचारायचा नसतो. मी पाया पडले आणि निघाले.