साडेसात इंचांचा झोळ

फ्लॅनेलच्या बाबतीत माझं गणित बरोबर होतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्याचा दोष कुणी गणिताला देऊ नये.

आई गेली तेव्हापासून धुळ्याला नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, झोप उडाली होती. जळगावला आमच्याकडे चला म्हटलं तर "आठे मनं घर शे ना" एवढंच अहिराणीत म्हणायचे, घर काही सोडायचे नाहीत. थंडी सुरू झाली आणि त्यांनी फोनवर एकच गोष्ट मागितली.

"तुनी मायना लुगडास्नी गोधडी करी दे."

हे काम मी स्वतः करायचं ठरवलं. (मी पाइपच्या कारखान्यात तपासनीस आहे. मिलिमीटरभर चुकलेला पाइप परत पाठवतो. गोधडीत असं काय अवघड!) वर आईची दोन सुती लुगडी, पोटात तिच्याच विरलेल्या साड्या आणि अंगाला लागणारं अस्तर नव्या फ्लॅनेलचं.

"अहो, फ्लॅनेल आटतं," माझी बायको सुनंदा म्हणाली. "आख्खं भिजवून वाळवा, मग कापा."

"भिजवलं की नवी लव जाते. नानांना पहिली ऊब मिळाली पाहिजे."

"मग शिवल्यावर आटेल ना!"

"आटू दे. किती आटेल ते आधी काढायचं!"

मी एक फूट चौरस तुकडा कापला, गरम पाण्यात धुतला, वाळवला, मोजला. लांबी एक इंचाने कमी, रुंदी अर्ध्या इंचाने. म्हणजे सात फूट लांबीला साडेसात इंच कापड जास्त घ्यायचं, पाच फूट रुंदीला अडीच. पहिल्या धुण्यात अस्तर आटून लुगड्याला चपखल बसणार! आटायला वाव हवा म्हणून मधले दोरे विरळ घातले.

पहिल्या धुण्यापर्यंत ती गोधडी कशी दिसेल, हे मात्र मी काढलं नव्हतं.

"गोधडीला दिवस गेलेत," सुनंदा म्हणाली.

धुळ्यात नानांच्या शेजारी रशीदभाई राहतात. त्यांचा जन्म गाद्या भरण्यात गेला. मी गोधडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी अस्तराचा लोंबता झोळ चाचपला, पुन्हा चाचपला.

"भाऊ, आत मांजर राहिलं का?"

"एक धुणं झालं की बसेल!"

"कोण, मांजर?"

नाना गोधडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी उठेनात. मी घाबरून जवळ गेलो, तर चक्क घोरत होते! आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. याचं श्रेय मी अर्थातच फ्लॅनेलच्या लवेला दिलं.

त्यानंतर दर खेपेला मी म्हणायचं, "नाना, एकदा धुऊ द्या," आणि त्यांनी टाळायचं. कधी नळाला पाणी नाही, कधी ऊन नाही. (धुळ्यात ऊन नाही!)

"ऱ्हाऊ दे. मले चालस अशीच," ते म्हणायचे.

त्यांना चालत होती, मला चालत नव्हती. चुकीच्या मापाची वस्तू माझ्या नावावर गावात फिरत होती! रशीदभाई तर भेटले की आधी मांजराची खुशाली विचारायचे, मग माझी.

संक्रांतीनंतर एका रविवारी नाना दिवसभरासाठी नरडाण्याला साखरपुड्याला गेले आणि मी डाव साधला. गरम पाणी, साबण, गच्चीवर कडक ऊन. संध्याकाळी गोधडी खाटेवर अंथरली आणि बघतच राहिलो. झोळ साफ गेला होता! काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. मी रशीदभाईंना ओढून आणलं. त्यांनी हात फिरवला.

"मानलं, भाऊ."

इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

नाना आले. खाटेवर बसले. गोधडीच्या एका बाजूने तळहात सावकाश नेत राहिले, जणू तिथे ठेवलेलं काही सापडत नव्हतं.

"धुई का?"

"बघा तरी नाना, सुताचाही फरक नाही!"

"हां. बरोबर शे." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तो झोळ व्हता ना, तो कुशीले पडे. हात ठेवा की वाटे, तुनी माय शे बाजूले."

रशीदभाई चपला शोधण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

"जाऊ दे," नाना म्हणाले. "तुले काय माहीत."

दुसरा कुठलाही मुलगा अशा वेळी बापाच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसला असता. मलाही तेच करायचं होतं, आईशप्पथ! पण हात खिशात गेला, टेप घेऊन बाहेर आला, आणि तोंडातून निघालं, "नाना, झोळ नेमका कोणत्या बाजूला होता, आणि किती इंच?"