सांडपाण्याचा लांबचा रस्ता

सासूबाईंना जिना उतरवेना, म्हणून माडीवरच त्यांच्यासाठी न्हाणी करायची ठरली. माडीची जमीन सिमेंटच्या स्लॅबची. तेव्हा नाशकात सिमेंट नवे होते आणि स्लॅब फोडायची आमची तयारी नव्हती. सांडपाण्याचा नळ वरूनच न्यायचा होता.

जुन्या नाशकातला एक मुसलमान गवंडी आला. उकिडवा बसून त्याने तांब्याभर पाणी जमिनीवर ओतले आणि ते कुठे पळते ते मान तिरकी करून पाहिले.

मी म्हटले, "नळ सरळ मागच्या भिंतीकडे काढा. जवळ पडेल."

"त्या बाजूला खाली काय आहे, बाई?"

"देवघर."

तो हसला. "मग आजी इथं कशाला आंघोळ करतील! देवाच्या डोक्यावरून सांडपाणी नेऊ का मी?"

त्याने नळ माडीला लागून असलेल्या गच्चीच्या कडेने लांबून नेला आणि उतार मिळावा म्हणून न्हाणीची जमीन वीतभर उचलली.

न्हाणी झाल्यावर सासूबाईंनी आधी विचारले, "पाणी कुठून जातं गं?"

मी गच्चीकडे बोट दाखवले. त्यांनी कडेने गेलेला नळ नीट न्याहाळला आणि पाटावर बसत म्हणाल्या, "आण ऊन पाणी."