आठ दिवसांसाठी धसईला

हातपंपाचा दांडा लागून माणूस मरत नाही, असं आमच्या सासूबाईंचं मत होतं, आणि ते खरंच ठरलं. मी मेले नाही. रक्तसुद्धा आलं नाही. शहापूरजवळच्या आमच्या गावात त्या पंपाचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. दाबलेला दांडा हातातून निसटला की उसळी मारून वर यायचा. शेजारीण पंप मारत होती, मी हंडा सरळ करायला वाकले आणि दांडा माझ्या कानशिलावर बसला. थोडा वेळ मी चिखलातच बसून राहिले. मग उठून दोन्ही हंडे घेऊन घरी आले. "थेंब नाय सांडला," असं सासूबाई आठवडाभर येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगत होत्या.

टेंगळावर हळद-चुना लावला. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुठं आमच्या ह्यांनी मला शहापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय. अंधारात पडून राहा, आवाज नको, झोप झाली पाहिजे. सासरी राहणाऱ्या, पदरात पंधरा महिन्यांची अंगावर पिणारी मुलगी असलेल्या बाईला हे सांगताना त्यांना हसू कसं आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

टेंगूळ गेलं, पण झोपेचं पार उलटंपालटं होऊन बसलं. रात्रभर मी टक्क जागी. दिवसा तांदूळ निवडता निवडता मान सुपावर पडायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बरं निमित्त मिळालंय लोळायला. मला राग यायचा, पण भांडायलाही डोकं ठिकाणावर लागतं. ह्यांची वाशिंदच्या कारखान्यात पाळी असायची. थकून घरी आले तरी ते खोलीचं दार लावून काशाच्या वाटीनं माझे तळपाय घासत बसायचे. दार लावायचं ते सासूबाईंना कळू नये म्हणून. बायकोच्या पायाला हात लावणारा मुलगा त्यांना झेपला नसता. दुधातून जायफळ झालं, डॉक्टरांची अर्धी गोळी झाली. तासभर डोळा लागायचा आणि कुशीतली पोर नुसती हलली की उघडायचा. ती रडली की तो आवाज डोक्यात खिळा ठोकल्यासारखा आत जायचा. एकदा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

मग एका दुपारी तिला पाजता पाजता मी चुलीजवळच झोपून गेले. जाग आली ती सासूबाईंच्या किंचाळण्यानं. पोर मांडीवरून उतरून राखेत हात घालून बसली होती. राख कोमट होती म्हणून बोटं नुसती लाल झाली. निखारा तिच्या हातापासून दोन बोटांच्या अंतरावर होता.

सासूबाई मला ओरडल्या नाहीत, म्हणून मी जास्त घाबरले. रात्री त्या ह्यांना म्हणाल्या, "पोरीला धसईला धाडू, मामाकडं. नायतरी अंगावरचं तोडायचंच हाय. आठ दिवसांत हिचं डोकं पन थाऱ्यावर येईल."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं तशी पद्धतच आहे. मुलाचं दूध तोडायचं तर त्याला मामाकडं नेऊन ठेवतात. आठ-दहा दिवसांत ते विसरतं. अट एकच, तेवढे दिवस आईनं तोंड दाखवायचं नाही. दाखवलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिनं मला बघू नये म्हणून सासूबाईंनी माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं. मी आत बसून तिचं हसणं ऐकलं. मामाच्या खांद्यावर बसायला मिळाल्यावर ती कशाला रडेल?

माझी छाती दगडासारखी झाली. घट्ट कापड बांधलं तरी पोलकं ओलं व्हायचं. तिला रात्री माझा वास यावा म्हणून मी माझ्या जुन्या पातळाची घडी पाठवली होती, ती वहिनीनं परत धाडली. निरोप असा की वास आला की पोर आणखीच रडते. वहिनीचं बरोबर होतं. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, पण अशा गोष्टी तिला माझ्यापेक्षा जास्त कळत.

आठव्या दिवशी मी धुतलेलं पातळ नेसून ओट्यावर बसले. हे धसईला गेले आणि एकटेच परत आले. "छान रमलीय. तू आधी झोपायला लाग, मग आणू." सगळ्यांचंच बरोबर होतं. मला कुणाशी भांडताच येईना.

महिन्याभरानं मी स्वतः गेले. वहिनीनं मला वाटेतच गाठलं. "वन्सं, आता कुठं ती रात्रीची उठायची थांबलीय. तिनं तुमाला बघितलं तर परत सुरू होईल." मी शेजारच्या घरात जाऊन बसले आणि कुडाच्या फटीतून माझी मुलगी बघितली. ती चालायला लागली होती. वहिनीच्या पदराला धरून अंगणभर चालत होती. चहा पिऊन मी परत आले.

तोंड न दाखवण्याची अट दूध तुटेपर्यंतचीच असते. दूध केव्हाच तुटलं होतं. पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, माझ्याही नाही. मी ती अट मुकाट्यानं पाळत राहिले. कितीदा तरी त्या कुडामागं बसून आले. मला आजही कुणाहीपेक्षा माझाच राग येतो.

सलग सात रात्री झोपले की तिला आणायचं, असं मी ठरवलं. कॅलेंडरवर झोपलेल्या रात्रीपुढं फुली मारायची. दोन फुल्या, एक कोरी. तीन फुल्या, चार कोऱ्या. एकदा पाच झाल्या. सहाव्या रात्री शेजारच्या हळदीला पहाटेपर्यंत बँजो वाजला आणि पुन्हा महिनाभराचं गणित बिघडलं. त्या नवरा-नवरीला मी इतक्या शिव्या दिल्या, पण काही लागल्या नाहीत, सुखात आहेत. असं करत करत अडीच वर्षं गेली. सातवी फुली पडली त्या सकाळी मी हे उठायचीही वाट बघितली नाही. तशीच स्टँडवर गेले.

वहिनीनं काही वाद घातला नाही. पोरीचे कपडे पिशवीत भरले, केस विंचरले, आणि पिशवी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "झोपताना तिला कान धरायला लागतो. माझा धरते." मग ती गोठ्यात गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. पोरगी "आई, आई" करत गोठ्याकडं धावली तेव्हा भावानं तिला उचलून गाडीत बसवलं.

घरी सासूबाईंनी तिच्यासाठी गोडाचं केलं होतं. तिनं खाल्लं. हट्ट केला नाही, रडलीही नाही. रात्री मी तिला कुशीत घेतलं आणि तिचा हात माझ्या कानावर ठेवला. तिनं पाळी चाचपली आणि हात काढून घेतला. "ह्यो नाय," म्हणाली. मग ती उठून भिंतीला टेकून बसली. मी पडून राहून तिच्याकडं बघत होते आणि ती अंधारात दाराकडं. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. चार दिवसांत तिनं मला कशानंच हाक मारली नाही. काही हवं असलं की पदर ओढायची.

चौथ्या दिवशी दुपारी ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उभ्या उभ्या डोळे मिटत होते, मान पडत होती, आणि दचकून पुन्हा उघडत होते. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. हे दिसणं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. या घरात ते मी एकटीनं भोगलं होतं. पावणेचार वर्षांच्या जिवाला ते मी माझ्या हातानं दिलं होतं.

हे म्हणाले, "आठवड्यात सवय होईल. पोरांचं काय घेऊन बसलीस!"

"तुमाला काय ठाव झोप न येणं म्हंजे काय!" मी एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनीच तिची पिशवी भरून दिली.

एस.टी.त बसल्यावर मी तिला सांगितलं, "धसईला चाललोय." तिनं माझ्याकडं नीट बघितलं, खरं वाटल्यावर आडवी झाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. किन्हवली आली, गेली, तिला पत्ता नाही. तोंड उघडं, श्वास जड, चार दिवसांची झोप. मुरबाडला गाडी बदलायची होती. मी तिला तशीच उचलून स्टँडच्या बाकावर बसले. धसईची गाडी लागली. मी उठले नाही. तासाभरानं दुसरी लागली, कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं हाक मारली, तरी उठले नाही. माझा पाय मुंग्यांनी बधिर झाला होता आणि तो हलवायची माझी तयारी नव्हती.

तिसरी शेवटची होती. तिला उठवावंच लागलं. तिनं डोळे उघडले, गाडी बघितली आणि पहिल्यांदाच मला हाक मारली.

"आत्या, आई वाट बघत असंल?"

तिला असं म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं. मामीला आई म्हणणाऱ्या पोरीला मामाची बहीण आत्याच लागते. मी म्हटलं, "हो गो, बघत असंल," आणि तिला घेऊन गाडीत चढले.