छपरावरची फुली

आजारी माणसांवर कुणी मुद्दाम बॉम्ब टाकतं, हे वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं. कुणाला हसू येईल, पण खरंच नव्हतं. लढाई म्हणजे सरहद्दीवर, सैनिकांची सैनिकांशी, एवढीच माझी समजूत. पासष्ट सालच्या सप्टेंबरात लढाई पेटली तेव्हा मी कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. आठ खाटा, एक डॉक्टर, मी आणि झाडलोटीला एक बाई. मागे आगरदांड्याचा रस्ता, पुढे खाडी, खाडीपलीकडे दिघी.

तालुक्याहून एक कागद आला. दवाखान्याच्या छपरावर खूण रंगवायची, म्हणजे शत्रूचं विमान आलंच तर हा दवाखाना आहे हे त्याला वरून कळेल.

मी डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे न कळून टाकतील, एवढीच भीती आहे ना?"

डॉक्टर मागच्या महायुद्धात लष्करी इस्पितळात होते. कागदाची घडी घालत ते म्हणाले, "कळूनही टाकतात, सिस्टर. मी खाटेखाली पडून होतो तेव्हा आमच्या तंबूवर हीच खूण होती. तरी काढायची. दहातले नऊ जण खूण बघून पुढे जातात. त्या नवांसाठी काढायची."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी सुन्नच झाले. आमच्या आठ खाटांपैकी तीनवर बाळंतिणी होत्या, एकीवर विषमज्वराची पोर. यांच्यावर बॉम्ब? का म्हणून? मी उगाच त्या पोरीची चादर दोनदा नीट केली.

कागदात आणखीही बरंच होतं. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावा. पांढरे कपडे उघड्यावर वाळत घालू नका. हे दुसरं मला पटेना, कारण आमच्या अंगणातल्या चादरी खाडीतून थेट दिसायच्या आणि होडीतून येणारी माणसं त्या बघूनच "चालू हाय दवाखाना" म्हणायची. पण हुकूम तो हुकूम. चादरी मागच्या पडवीत गेल्या, काचा काळ्या झाल्या, आणि भरदुपारीही आम्ही कंदील लावून कामं करू लागलो.

आता त्या दिघीच्या सुनेचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहिते आहे. कागद यायच्या आठच दिवस आधी तिची सासू तिला तपासायला घेऊन आली होती. तिसरं बाळंतपण. नवरा जहाजावर, सासऱ्याची स्वतःची होडी. पोरगी गोरीपान, हसरी, बोलण्यात भारी चलाख. मी पोटावर हात ठेवला आणि माझं बोलणं थांबलं. मूल आडवं होतं. डॉक्टरांनी बाहेरून वळवून पाहिलं, पण ते परत आडवं झालं. मी म्हटलं, इथंच राहू दे हिला. सासू म्हणाली, "अजून पंधरा दिवस हायत बाय, दोन पोरं हायत घरात, त्यांना कोन बघनार?" मग मी तिला हाताला धरून समोर बसवलं. सांगितलं, घरी सुईण कितीही चांगली असली तरी हे मूल घरी होणार नाही. दुखायला लागलं की घटकाभरही थांबायचं नाही, होडीत घालायची आणि इकडे आणायची. पोट उघडायची वेळ आली तर डॉक्टर इथं उघडतील. इथं आलीत तर दोघंही वाचतील. सासूनं ते सगळं माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवलं. सून पदराआड हसत होती.

तर ती खूण. डॉक्टरांना दोन दिवसांसाठी अलिबागला बोलावणं आलं. जाताना म्हणाले, "तेवढं रंगाचं करून घ्या." कागद माझ्याकडे दिला. तालुक्याच्या कारकुनानं इंग्रजी हुकमाचं मराठी करताना लिहिलं होतं, 'पांढऱ्या चौकोनावर तांबडी फुली'. मी कोळीवाड्यातल्या रंगाऱ्याला बोलावलं. होड्या रंगवण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि होडीचा रंग पावसानं जात नाही.

मी म्हटलं, "छपरावर पांढरा चौकोन काढ आणि त्यावर मोठी तांबडी फुली मार."

"मोठी मंजे केवढी?"

"खाडीतून दिसेल एवढी."

तो कान खाजवत उभा राहिला. "दवाखान्यावर फुली मारायची? बगा हां बाय, परत इचारतो."

मला आधीच ती खिडक्यांची, चादरींची कटकट झाली होती. मी खेकसलेच त्याच्यावर. "सरकारी हुकूम आहे. तुला मारायला सांगितली ना? मग मार."

त्यानं मारली. शिडीवर चढून, कौलांवर पोत्याच्या घड्या घालून, दिवसभर खपून मारली. मी काही वर चढले नाही, आणि खालून छपराचा तो उतार दिसत नाही. तो खाडीकडे तोंड करून आहे. मी त्याला चहा दिला, शाबासकी दिली.

डॉक्टर परत आले ते खाडीच्या बाजूनं, होडीतून. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "सिस्टर, छपरावर काय काढलंय?" मी त्यांच्यासोबत धक्क्यापर्यंत चालत गेले, वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पोरं पाटीवर फुली-गोळा खेळतात, तसली तिरकी फुली. चुकलेलं गणित गुरुजी खोडतात, तसली. दोन हात रुंदीच्या तांबड्या पट्ट्यांनी आमचा दवाखाना या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोडून टाकलेला.

रंगाऱ्याला बोलावलं. तो उलट आमच्यावरच चकित. "होडी मोडीत काढायची ठरली का आमी तिच्यावर फुलीच मारतो. मंग तिला कोन हात लावीत न्हाय. मला वाटलं, सरकारचं डोकं चाललं. विमानवाला वरनं बगंल, म्हनंल ह्यो दवाखाना मोडीत निगालाय, ह्याच्यावर गोळा कशाला फुकट घालवा?"

डॉक्टर खो खो हसले. मीही हसले. पोट धरून हसले, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यानं सांगितलेलं तर्काला धरूनच होतं. डॉक्टरांनी त्याला कागदावर अधिकाचं चिन्ह काढून दाखवलं. त्यानं मान डोलावली, पण तोवर पाऊस सुरू झाला होता. ओल्या कौलांवर रंग धरत नाही. दोन दिवस उघडीप मिळाली की नीट करतो, म्हणाला. आम्ही म्हटलं, बरं.

उघडीप मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी पुढच्या पडवीत उभी होते. ओहोटी लागली होती, पाऊस भुरभुरत होता. दिघीकडून एक होडी येताना दिसली. खाडीच्या मध्यावर आल्यावर तिचा वेग मंदावला. कुणीतरी उभं राहिलं, डोळ्यांवर हात धरून आमच्या बाजूला बघत राहिलं. बराच वेळ. मग होडी वळली आणि आली तशी परत गेली. मला वाटलं, पावसाला भ्याले असतील. मी आत गेले. डॉक्टर टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. उकळलेली हत्यारं कपाटात झाकून तयार होती, ती मी रोजच तयार ठेवत होते, तिच्यासाठी.

चार दिवसांनी रंगारी आला तो पायरीवरच बसला. वर ये म्हटलं तर येईना. धक्क्यावर त्याला दिघीचा माणूस भेटला होता. ती सून गेली. म्हसळ्याच्या रस्त्यावर, बैलगाडीत, मूल पोटातच राहून.

"गाडीत?" मी विचारलं. "म्हसळ्याला कशाला नेली? मी इकडे आणायला सांगितलं होतं."

"आनली हुती, बाय," तो म्हणाला. "होडीतनं आनली हुती. फुली बगून फिरले."

मला पहिल्यांदा अर्थच लागेना. मी तीन वेळा त्याला तेच विचारलं असेल. चादरी नाहीत, खिडक्या काळ्या, अंगणात चिटपाखरू नाही आणि छपरावर फुली. ओहोटीच्या गुडघाभर चिखलातून कळा देणारी बाई खांद्यावर घालून मोडीत निघालेल्या दवाखान्याकडे कोण आणील? सासऱ्यानं शहाणपणानंच होडी वळवली होती. वेळ वाचवायला वळवली होती. आणि मी पडवीत उभी राहून बघितलं होतं. नुसता हात हलवला असता तरी पुरे होतं. 'अधिकाचं चिन्ह' एवढे दोन शब्द बोलले असते तरी पुरे होतं.

रंगारी उठला, शिडी लावली आणि भर पावसात वर चढला. तासणीनं कौलं खरवडत राहिला. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, तो उतरला नाही.

मी दिघीला गेले. जायला नको होतं असं पुढे पुष्कळांनी सांगितलं. घरात बायका बसल्या होत्या. सासूनं मला पाहिलं, उठून जवळ घेतलं, पाणी दिलं. मी रडू लागले तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"तुमी बरोबर बोलला होता, बाय," ती म्हणाली. "आमी घटकाभर बी थांबलो न्हाय. पन सरकारनं दवाखानाच मोडीत काढला, त्याला तुमी तरी काय करनार? तुमची बदली आता कुठं झाली?"

क्षणभर माझ्या मनात आलं, मुरुडला झाली म्हणावं. या बाईला तेवढंच बरं वाटेल. आणि खोटं कशाला सांगू, मलाही सुटल्यासारखं वाटलं असतं. पण तिनं मी सांगितलेलं सगळं अक्षरन् अक्षर पाळलं होतं. तिला खोटं सांगायला जीभ वळेना.

"बदली नाही झाली," मी म्हटलं. "दवाखाना मोडीत निघालाच नव्हता. मी तिथंच होते. डॉक्टरही होते."

तिचा हात माझ्या पाठीवर तसाच थांबला. आतल्या खोलीत एक लहान पोर कुरकुरत होतं.

"मंग फुली कशाला मारली?" तिनं विचारलं.

"विमानासाठी. विमानानं दवाखान्यावर बॉम्ब टाकू नये म्हणून."

तिला खरंच समजून घ्यायचं होतं, रागाचा मागमूस नव्हता तिच्या तोंडावर. मग तिनं अगदी हळू विचारलं,

"कुठलं विमान?"